नकाशा माझ्याकडे होता

नऊशे चाळीस पानं.
मुबीननं हैदराबादच्या फुटपाथवरून तीस रुपयांत आणलं
आणि तिघांनाही ते आजच पाहिजे होतं,
म्हणून व्यंकटनं चांभाराची रापी मागून आणली
आणि उदगीरच्या स्टेशनावर, शेवटच्या बाकावर,
पुस्तकाचे तीन भाग पाडले,
जिल्ह्यांचे पाडतात तसे,
आत राहणाऱ्या कुणालाही न विचारता.

नकाशा पहिल्या भागात होता, तो माझ्याकडे आला.
मधला व्यंकटकडं. त्यात सगळी युद्धं.
शेवट मुबीनकडं, कारण तीस रुपये त्याचे.

पुढं महिनाभर आम्ही अशा कादंबरीवर भांडलो
जी आमच्यातल्या कुणीच वाचलेली नव्हती.

मी म्हणायचो, राजा भला माणूस आहे.
व्यंकट म्हणायचा, कुठला राजा?
माझ्यात पहिल्याच पानावर
त्याचं मुंडकं वेशीला टांगलंय.
मुबीन कागदावरचा सुशीला खात
नुसता हसायचा.
शेवट ठाऊक असलेल्याचं हसू
देवाला शोभतं, दोस्ताला नाही.

व्यंकटला नकाशा नव्हता
म्हणून त्यानं सैन्य आपल्या रस्त्यांनी हाकलं.
राक्षसांचा तळ देवणीच्या बैलबाजारात,
काळी खिंड जळकोटच्या जरा अलीकडं,
आणि पंखवाले साप रात्री उतरायचे
बंद जिनिंगच्या पत्र्यावर,
आवाज त्यानं स्वतः ऐकलेला.
मी नकाशा उलगडून दाखवला
तर बराच वेळ बघत राहिला
आणि म्हणाला, हे चुकीचं छापलंय.

शिवकांता आमच्यात बसायची, वाटणीत नव्हती.
तिची कादंबरी एकशे दहा पानांची,
नगर वाचनालयाचा जांभळा शिक्का असलेली.
तिच्यात एक बाई नवऱ्याच्या पत्राला
उत्तर लिहायचं ठरवते.
बस.
"मग, लिहिते का?" व्यंकटनं विचारलं.
"तेच तर," शिवकांता म्हणाली.
"तेच तर काय? लिहिते का नाही?"
"तुला राक्षस मारल्याबिगर काही झाल्यासारखं वाटत नाही."
"आन् तुला काही झालं की पुस्तक बिघडल्यासारखं वाटतं."
इथवर आम्ही दर शनिवारी पोचायचो.

पण त्या शनिवारी ती थांबली नाही.
"चाळीस हजार माणसं
महिनाभर चालूलालेत तुमच्यात.
भाकरी कोण थापूलालंय?"

आम्ही आपापले तुकडे चाळले.
तलवारींना नावं होती.
घोड्यांना सात पिढ्यांची नावं होती.
चूल नव्हती.
"माझ्यात मेजवानी आहे," मुबीन म्हणाला,
"तीन पानं."
"वाढतंय कोण?"
विकाराबादकडची गाडी आली, थांबली, गेली.
तो अजून पानं उलटत होता.

तुकडे बदलायचं ठरत होतं तेवढ्यात
मुबीनच्या अब्बांची बदली झाली बीदरला.
ट्रकमध्ये कपाट चढवताना
त्यानं शेवट सांगितला, घाईत.
मला एक, व्यंकटला दुसरा.
दोघांचं जुळत नाही हे आम्हाला
दोन वर्षांनी कळलं.
मला त्याचा माझावालाच आवडतो.

परवा एका मोठ्या दुकानात ती अखंड दिसली,
नवं कव्हर, सोनेरी अक्षरं, जड.
मागची पानं उघडली,
एक नाव ओळखीचं दिसलं, आणि मिटली.
रात्री शिवकांताला फोन केला.
ती आता मुख्याध्यापिका आहे, औरादला,
पोरांच्या वह्यांचा ढीग पुढ्यात असणार.
विचारलं, त्या बाईनं लिहिलं का गं शेवटी?

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
"परत वाचूलाले मी," ती म्हणाली.
"तेव्हा वाटायचं, लिहावं तिनं.
आता वाटूलालंय, लिहू नये.
तू वाच. मग भांडू."

नकाशा अजून माझ्याकडं आहे.
घडीवर फाटलाय.
काळ्या खिंडीच्या जागी
व्यंकटच्या अक्षरात जळकोट,
आणि खाली, समुद्राच्या जरा वर,
कुणी तरी पेन्सिलीनं
तीन दगड काढलेत, मधे धूर.